कोरड्या दिवसांत पंपाची परीक्षा

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें ती आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांत असूनहि आपण ती बहुधा पाहिली नसेल. ती मुठीएवढी असते, भिंतीवरील वातानुकूलन यंत्राच्या शेजारीं प्लॅस्टिकच्या एखाद्या पट्टीआड दडविलेली असते, आणि घरांतील माणसांना तिची आठवण होते ती भिंतीवरून पाणी ओघळूं लागल्यावर. वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यांत ज्याला एसी म्हणतों तें, हवा थंड करतांना हवेंतून पाणीहि काढतें. हें पाणी उचलून घराबाहेर नेऊन टाकणारा जो लहानसा पंप, तो चांगला आहे कीं बिघडला आहे हें कसें ओळखावें, आणि बिघडला असेल तर दोष कोठें शोधावा, एवढाच आजचा विषय आहे.

हा पंप प्रत्येक घरीं लागतोच असें नाहीं. एसी बाहेरच्या भिंतीवर असेल तर पाणी उतारानें आपोआप निघून जातें, आणि तशी सोय असतांना पंपाच्या भानगडींत कोणीं पडूंहि नये. परंतु आमच्या गोंदियासारख्या गांवांत बाजारपेठेजवळचीं जुनीं घरें पाहा. पुढें दुकान किंवा बैठक, मागें स्वयंपाकघर आणि परसू, दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती. मधल्या खोलीला बाहेरची भिंतच नाहीं. तेथें एसी बसविला कीं त्याचें पाणी आधीं वर चढवावें लागतें, दाराच्या चौकटीवरून मागच्या परसापर्यंत न्यावें लागतें. पाणी आपण होऊन वर चढत नाहीं, म्हणून पंप.

माझ्या मावशीचें घर याच जातीचें आहे. तिची खोली वरच्या मजल्यावर, मध्यें, तिच्यावर गच्ची. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या अखेरीस मी तेथें गेलों असतां ती म्हणाली कीं, पावसाळा तोंडावर आला आहे, तर पाण्याचा पंप नीट आहे ना तेवढें पाहून ठेव. मीं एसी तासभर चालविला. खोली गार झाली, भिंत कोरडी राहिली, कोठें एक थेंबहि पडला नाहीं. पंप उत्तम आहे असा निर्वाळा देऊन मी चहा घेतला आणि घरीं आलों.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत तिकडून फोन आला. एसीच्या मागून भिंतीवर एक ओला पट्टा उतरला होता आणि त्याच्या बरोबर खालीं विजेच्या बटणांची पेटी होती. घरांतील सर्वांचें मत पडलें कीं गच्ची गळते. वर गच्ची आहे, पाऊस पडतो आहे, मग दुसरें कारण शोधण्याचे कष्ट कोण घेणार? उघडीप पाहून गच्चीवर लेप देण्यांत आला, त्याचे पैसे गेले, आणि पट्टा वाढतच राहिला. एके रात्रीं दिवा लावण्यासाठीं मावशीनें त्या ओल्या पेटीला हात लावला तों तिच्या कोंपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तेवढ्यावर निभावलें हें आमचें भाग्य. दुसऱ्या दिवशीं मी पोंचलों तेव्हां तिनें इतकेंच विचारलें, "काहून रे बाबू, तूच तं पंप पास केला होता ना?"

त्या प्रश्नाचें खरें उत्तर असें कीं, मे महिन्यांत मीं पंपाची परीक्षा घेतलीच नव्हती. ज्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकाच दिली नाहीं त्याला मीं उत्तीर्ण करून टाकलें होतें.

हें नीट समजण्यासाठीं थोडा हिशेब केला पाहिजे. मे महिन्यांतील दुपारीं तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर एक घनमीटर हवेंत पाण्याची वाफ सुमारें ९ ग्रॅम असते. जुलैंतील ढगाळ दिवशीं तापमान ३० अंशांवर उतरतें खरें, पण आर्द्रता ८० टक्के असली तर तेवढ्याच हवेंत वाफ सुमारें २४ ग्रॅम असते. आतां एसीच्या आंतील थंड नळ्या १२ अंशांवर आहेत असें धरूं. १२ अंशांची हवा घनमीटरांत साडेदहा ग्रॅमच्या आसपासच वाफ बाळगूं शकते. तेव्हां जुलैच्या हवेंतील तेरा-चौदा ग्रॅम वाफेला त्या नळ्यांवर दंवाप्रमाणें पाणी होऊन बसण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. आणि मेच्या हवेजवळ टाकण्यासारखें कांहीं नसतेंच. माणसांच्या श्वासानें किंवा ओल्या फडक्यानें पुसलेल्या फरशीनें खोलींत जी थोडीफार ओल येते, तिचेच चार थेंब मिळाले तर मिळाले. उलट दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज काढतो. रात्रीचे आठ तास धरले तर एक बादली भरते. मे महिन्यांत ज्या पंपाला कोणी हांकहि मारली नव्हती, त्याच्या शिरावर जुलैंत एका रात्रींत बादलीभर पाणी येऊन पडतें.

येथें एक पोटकलम जोडतों, कारण आमच्या विदर्भांत तें फार उपयोगी आहे. शेजारच्या खोलींत कूलर चालू असेल आणि मधलें दार उघडें असेल, तर कूलरनें हवेंत घातलेलें पाणी एसी परत काढीत बसतो. तसें असेल तर मे महिन्यांतहि भिंत ओली होऊं शकते. एकानें पाणी घालावें आणि दुसऱ्यानें तें उपसावें, आणि दोघांच्या विजेचें बिल आपण भरावें, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

वास्तविक पाणी काढणें हें या यंत्राचें दुय्यम काम नाहींच. अमेरिकेंत १९०२ सालीं विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरनें जी पहिली योजना आंखली ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत एक छापखाना होता. दमट हवेंत तेथील कागद फुगे, कोरड्या हवेंत आकसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागीं बसत नसत. हवेंतील ओल ताब्यांत ठेवावी म्हणून ती योजना झाली. गारव्याचें महत्त्व लोकांना पुढें वाटूं लागलें. आपण मात्र एसीकडे केवळ गारव्याचें यंत्र म्हणून पाहतों आणि त्याच्या पाण्याचा विचार पाणी अंगावर येईपर्यंत करीत नाहीं.

आतां पंपाची रचना सांगतों. गोंदिया, भंडारा हा मुलूख तलावांचा. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तरी तलावांची वांटणी करून ते कांहीं निराळे झाले नाहींत. कोहळी लोकांनीं ज्या कौशल्यानें हे तलाव बांधले त्याचें वर्णन करण्याची ही जागा नव्हे. पण तलाव पाहिलेल्या माणसाला हा पंप समजावून देणें सोपें जातें. तलावाला येवा असतो, तसा येथें एसीच्या आंतील थंड नळ्यांखालचा पन्हळ असतो. पन्हळांतून पाणी एका लहानशा टाकींत येतें. टाकी म्हणावयाची एवढेंच, तींत दोन-चार चमचे पाणी मावलें तरी पुष्कळ. या टाकींत एक हलका ठोकळा तरंगत असतो. त्याला मिस्त्री फ्लोट म्हणतात. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवरचा भोपळा जसा पाण्याबरोबर वर येतो तसा तो वर येतो. त्यांत लहान चुंबक असतें. तें एका ठराविक उंचीवर आलें कीं झांकणांतील स्विचला त्याची चाहूल लागते आणि पंप सुरू होतो. पाणी उपसलें गेलें, ठोकळा खालीं बसला, कीं पंप थांबतो. पंपांतून निघालेली बारीक नळी वर चढून बाहेर जाते. तींतलें पाणी परत मागें येऊं नये म्हणून वाटेंत एक एकेरी झडप बसविलेली असते.

आणि पंप चाललाच नाहीं तर? तलावाला सांडवा असतो. पाणी फार झालें तर तें सांडव्यावरून निघून जातें आणि पाळ वांचते. या टाकीला सांडवा नाहीं. तिचा सांडवा म्हणजे आपली भिंत. म्हणून तिच्यांत येवाच बंद करण्याची युक्ति केलेली असते. ठोकळा धोक्याच्या उंचीवर चढला कीं एक दुसरा स्विच एसीला थांबवितो. एसी थांबला कीं नवें पाणी तयार होत नाहीं. या स्विचच्या दोन तारा पंपाबरोबर स्वतंत्र दिलेल्या असतात, आणि त्या एसीच्या मंडलांत जोडावयाच्या असतात. याविषयीं मला पुढें अधिक बोलावयाचें आहे, कारण मावशीच्या हाताला ज्या झिणझिण्या आल्या त्यांचें मूळ या दोन तारांत होतें.

पंपाची खरी परीक्षा एकच: त्याला आपण होऊन पाणी द्यावें. आकाशांतून आणि हवेंतून पाणी येण्याची वाट पाहूं नये. मृगाच्या आधीं, हवा कोरडी असतांनाच ही परीक्षा घ्यावी. एसीचा मुख्य स्विच बंद करावा. पुढचें झांकण उचलावें, धुळीच्या जाळ्या काढाव्या, म्हणजे उभ्या पातळ पत्र्यांची थंड नळ्यांची चौकट दिसेल. तिच्या पायथ्याशीं पन्हळ आहे. विजेची पेटी यंत्राच्या ज्या टोकास असेल त्याच्या विरुद्ध टोकाकडून, चोंचीच्या प्लॅस्टिक बाटलीनें, पेलाभर स्वच्छ पाणी अगदीं सावकाश त्या पत्र्यांवरून खालीं सोडावें. घाई केल्यास पाणी भलतीकडे जाईल. हात पुसावे, जाळ्या आणि झांकण लावावें, स्टुलावरून खालीं उतरावें, आणि मग स्विच लावून एसी सुरू करावा. एक माणूस खोलींत कान देऊन उभा राहील, दुसरा परसांत नळीच्या टोकाशीं वाटी धरून बसेल. घरांतील मुलें हें दुसरें काम आनंदानें करतात.

पंप चांगला असेल तर थोड्याच वेळांत बारीक गुरगुर ऐकूं येईल, बाहेर पाणी येईल, आणि मग गुरगुर थांबेल. एवढ्यावर मात्र समाधान मानूं नये. पुन्हां असेंच थोडें थोडें करून अर्धा लिटर पाणी द्यावें, आणि पंप एकूण किती वेळ चालला तें घड्याळावर पाहावें. तासाला दोन लिटर म्हणजे मिनिटाला तेहतीस-चौतीस घनसेंटिमीटर. तेव्हां अर्धा लिटर उपसण्यास पंधरा मिनिटें लागत असतील तर पंप जुलैच्या पाण्याशीं जेमतेम बरोबरी करतो आहे असें समजावें. घरगुती लहान पंप धडधाकट असला तर हेंच काम चार-पांच मिनिटांत उरकतो. पंपाच्या पुस्तिकेंत छापलेला आंकडा बहुधा पाणी मुळींच वर चढवावें लागत नाहीं अशा स्थितींतला असतो. जों जों उंची वाढते आणि नळी लांब होते तों तों पाणी कमी होतें. म्हणून आपल्या घरचा आंकडा आपल्या घरींच मोजावा.

समजा, पाणी दिलें आणि गुरगुर ऐकूंच आली नाहीं. अशा वेळीं पंप जळाला, नवा घ्या, असें सांगणारा मनुष्य लगेच भेटतो. मावशीकडेहि भेटला होता. पण मोटर मेली हें ठरविण्याआधीं तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. पाणी टाकीपर्यंत पोंचलें का? पन्हळ आणि टाकी यांमधील नळी चोंदली असेल तर टाकी कोरडी राहते आणि पाणी पन्हळावरून सांडतें. त्यांत पंपाचा काडीचाहि अपराध नसतो. पंपाला वीज पोंचते का? हें मिस्त्रीनें मीटर लावून पाहावें, २३० व्होल्टच्या तारांशीं घरच्या माणसानें खेळूं नये. आणि तिसरी गोष्ट, ठोकळा वर आला का?

या ठोकळ्यापाशीं मी थोडा थांबतों, कारण माझ्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक दोष येथेंच निघाले आहेत. थंड नळ्यांवरचें पाणी दिसावयास स्फटिकासारखें असलें तरी तें खोलींतील धूळ, कपड्यांचे तंतु, स्वयंपाकाच्या धुराचा चिकटा हें सारें धुऊन आणतें. अंधार आणि ओल असेल तेथें सूक्ष्म जंतूंची वस्ती होते आणि एक बुळबुळीत थर धरतो. पावसाळाभर हा थर ओला असतो तोंवर ठोकळा कसाबसा हलतो. मग आश्विन-कार्तिकांत आपण एसी बंद करतों. टाकींतलें पाणी सुकतें, थर वाळतो, आणि ठोकळा तळाला डिंकानें चिकटविल्यासारखा बसतो. पुढें उन्हाळा येतो. एसी चालतो, पण पाणी नाहीं, त्यामुळें ठोकळा तसाच. जुलैंत पाणी येतें, टाकी भरते, कांठोकांठ होते, आणि ठोकळा पाण्याखालीं बुडून शांत बसलेला असतो. पाणी आलें आहे हें पंपाला सांगणाराच झोपला, तर पंपानें तरी काय करावें?

मावशीच्या पंपाचें नेमकें हेंच झालें होतें. टाकीचें झांकण उघडून मीं काडीनें ठोकळा उचलला तों तो 'टप्' असा आवाज करून सुटला. मोटर, स्विच, झडप, सर्व नवीं असल्यासारखीं. कोमट पाणी आणि भांडीं घासण्याचा सौम्य साबण घेऊन टाकी, ठोकळा आणि मुखाशीं बसणारी बारीक जाळी धुतली, आणि पंप त्याच संध्याकाळीं चालूं लागला. ठोकळा परत बसवितांना तो उलटा बसणार नाहीं एवढें जपावें. चुंबकाची बाजू कोणती हें पुस्तिकेंत दाखविलेलें असतें. उलट बसविल्यास पंप वेड्यासारखा वागतो, पाणी असतां थांबतो आणि नसतां धांवतो. टाकीहि सपाट बसली पाहिजे. ती कलली तर ठोकळा कडेला घासून अडतो. धुण्यासाठीं तीव्र आम्ल वापरूं नये. थंड नळ्या साफ करण्याचीं जीं जालिम द्रव्यें मिळतात तीं पन्हळावाटे टाकींत उतरून रबराच्या भागांना खातात. म्हणून नळ्या धुण्याच्या वेळीं पंप काढून ठेवावा किंवा मागाहून भरपूर स्वच्छ पाणी सोडावें.

दुसरी स्थिति अशी कीं गुरगुर येते, पण वाटी कोरडीच. येथें मोटर आणि ठोकळा निर्दोष ठरले. आतां पाण्याची वाट तपासावी. जाळी गाळानें भरली असेल. टाकी आणि पंप यांमधील नळी सैल होऊन तींतून हवा शिरत असेल; पंप हवा ओढूं लागला कीं त्याला पाणी ओढवत नाहीं, आणि आवाजहि भरीव न येतां पोकळ खडखडाट येतो. बाहेरची नळी एखाद्या कोंपऱ्यांत दुमडली असेल. परसांत उन्हानें ती कडक होऊन चिरली असेल, किंवा तिच्या टोकांत गांधीलमाशीनें मातीचें घर केलें असेल. हें शेवटचें मीं विनोदानें सांगत नाहीं. दोनदां स्वतः काढलें आहे.

कधीं पंप थांबतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत, नवें पाणी न देतांहि, पुन्हां सुरू होतो, पुन्हां थांबतो. एकेरी झडपेंत कचरा अडकला आहे, चढलेलें पाणी परत टाकींत येत आहे, आणि पंप तेंच तेंच पाणी वर चढवीत आहे, असें समजावें. याच्या उलट प्रकारहि आहे. नळीचें टोक पंपाहून बरेंच खालीं उतरलेलें असेल तर एकदां पाणी वाहूं लागलें कीं नळी आपणच टाकींतून पाणी ओढीत राहते. घासलेटच्या पिंपांत नळी घालून तोंडानें एकदां ओढलें कीं पुढें तेल आपोआप येई, त्यांतलाच हा प्रकार. टाकी तळापर्यंत रिकामी होते, पंपांत हवा भरते, आणि रात्रीं झोपमोड करणारा आवाज सुरू होतो. यावर उपाय सोपा आहे: बारीक नळीचें टोक मोठ्या पाइपांत सैल सोडावें, भोंवतीं हवा राहूं द्यावी, तें घट्ट ठोकून बसवूं नये. नळी फार खालीं उतरत असेल तर तिच्या सर्वांत उंच जागीं हवा घेणारा लहान तुकडा मिस्त्रीकडून बसवून घ्यावा.

आतां त्या दोन तारा. मावशीचा पंप आजारी पडला हा कोणाचा अपराध नव्हता. परंतु टाकी कांठोकांठ भरल्यावर एसी थांबावयास हवा होता, आणि तो थांबला नाहीं. मीं प्लॅस्टिकची पट्टी काढून पाहिली तों धोक्याच्या स्विचच्या दोन्ही तारा चिकटपट्टींत गुंडाळून, नीट घडी घालून मागें खोंचून ठेवलेल्या होत्या. यंत्र बसविणाराला त्या जोडण्याचा कंटाळा आला, कीं जोडल्यावर एसी मधून मधून थांबतो अशी तक्रार येईल ही भीति वाटली, कोण जाणे. कांहीं ठिकाणीं तर याहून वाईट करतात. एसी थांबतो म्हणून तक्रार आली कीं त्या तारा एकमेकींना पिळून जोडतात. एसी लगेच चालतो, गिऱ्हाईक खुष होतें, आणि पाणी भिंतींत जावयास मोकळें होतें. वास्तविक एसी थांबला याचा अर्थ स्विचनें आपलें काम चोख केलें असा आहे. अशा वेळीं स्विचला दूर न करतां पंपाकडे पाहावयाचें असतें.

म्हणून पाणी देऊन घेतलेल्या परीक्षेचा दुसरा भाग मी कधींहि गाळीत नाहीं. मिस्त्री घरीं आलेला असतां त्याला पंपाची तार तेवढी सोडावयास सांगावी, आणि एसी चालू ठेवून टाकी त्याच्याच हातून भरवून घ्यावी. ठोकळा धोक्याच्या खुणेवर पोंचला कीं एसीचा बाहेरचा भाग थांबला पाहिजे. थांबला नाहीं तर तारा कोठें आहेत हें विचारावें, आणि त्या जोडल्याचें डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज त्याचे पैसे देऊं नयेत. याच वेळीं घराच्या मुख्य फळ्यावर विजेची गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. तो असेल तर त्यावरचें परीक्षेचें बटण महिन्यांतून एकदां दाबावें. तो खट्कन् पडला पाहिजे. मावशीच्या जुन्या घरांत तो नव्हता. आतां आहे.

प्रत्येक ओल्या भिंतीचा दोष पंपाच्या माथीं मारूं नये, तसा तो गच्चीच्या माथींहि मारूं नये. यासाठीं एक साधी खूण आहे. गच्चीचें पाणी पावसाच्या वेळापत्रकानें चालतें, एसीचें पाणी एसीच्या. मावशीकडे पावसानें आठ दिवस दडी मारली तरी पट्टा रोज सकाळीं ताजा असे आणि दुपारपर्यंत फिकट होई. एसी रात्रीं चालत असे. ही एक गोष्ट कोणीं कागदावर टिपली असती तर गच्चीच्या लेपाचे पैसे वांचले असते. तिसरा एक अपराधी असतो तो बर्फ. धुळीच्या जाळ्या महिनोन्‌महिने धुतल्या नाहींत, किंवा आंतील वायु कमी झाला, तर थंड नळ्यांवर बर्फ जमतो. एसी बंद केल्यावर तो एकदम वितळतो आणि पन्हळाच्या आंवाक्याबाहेरचें पाणी खालीं येतें. एसी बंद केल्यानंतरच पाणी गळतें असें दिसलें तर आधीं जाळ्या धुवाव्या आणि मग इतरांची चौकशी करावी. आणि भिंत ओली दिसली कीं पहिलें काम एकच: त्या भिंतीवरच्या बटणांना हात न लावतां मुख्य स्विच बंद करणें. शोध मागाहून.

हें पाणी कशाला वापरावें असें पुष्कळ गृहिणी विचारतात. फरशी पुसावी, संडासांत टाकावें. पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊं नये. इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालण्याची चाल पडली आहे तीहि बरी नव्हे. तें ऊर्ध्वपातित पाण्यासारखें दिसतें, पण वाटेंत धूळ आणि धातूचे कण घेऊन आलेलें असतें.

गेल्या मे महिन्यांत मी पुन्हां गोंदियाला गेलों होतों. त्या दिवशींहि उन्हानें कहर केला होता आणि एसीखालची भिंत अर्थात् कोरडी ठणठणीत होती. मावशीनें या वेळीं मला कांहीं सांगितलें नाहीं; तिनें पाण्यानें भरलेली बाटली आणि स्टूल खोलींत आधींच आणून ठेवलें होतें, आणि शेजारचा मुलगा परसांत वाटी घेऊन बसला होता. पहिल्या पेल्याला कांहींच झालें नाहीं. दुसऱ्या पेल्याला गुरगुर आली आणि खालून मुलानें ओरडून सांगितलें कीं पाणी आलें. अर्धा लिटर उपसण्यास पंपाला पांच मिनिटें लागलीं. मावशीनें कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटींत पांचाचा आंकडा लिहून ठेवला.